स्लेड वळत नाही? पुढच्या स्प्रिंगा कसण्याआधी हे करा

स्लेड म्हणजे स्नोमोबाइल: पुढे वळणाऱ्या दोन स्की, मागे इंजिनने फिरणारा रबरी ट्रॅक. ट्रेलवर, म्हणजे बर्फातल्या आखीव वाटेवर, काटकोनात वळण येतं. तुम्ही थ्रॉटल सोडता, हँडल पूर्ण फिरवता, दोन्ही स्की वळलेल्या डोळ्यांना दिसतात, तरी स्लेड सरळ समोरच्या झाडीकडे निघालेली असते. अमेरिकेतल्या मिनेसोटा, मिशिगनमध्ये किंवा कॅनडातल्या ओंटारिओत पहिल्याच हिवाळ्यात वापरलेली स्नोमोबाइल घेणाऱ्याला हा प्रकार बहुधा पहिल्या दिवशीच भेटतो. त्यावरचा घरगुती उपायही ठरलेला असतो: पुढच्या स्प्रिंगा कसायच्या आणि स्कीखाली लांब कार्बाइड, म्हणजे धारेची सळई, लावायचं. त्याने स्लेड वळू लागते खरी, पण मग हँडल दगडासारखं जड होतं आणि सरळ रस्त्यावरही स्की डावी-उजवीकडे पळतात. एक दुखणं जातं आणि दुसरं येतं.

बैलगाडीचे दोन शब्द इथे कामाला येतात. माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरला की ती धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर ओझं येतं. स्लेडचंही तसंच आहे. उलाळ स्लेडच्या स्की बर्फाला नुसत्या टेकतात, म्हणून ती वळत नाही. धुरजड स्लेडच्या स्की बर्फात रुततात, म्हणून ती हात दुखवते. आणि हा तोल पुढच्या स्प्रिंगांपेक्षा जास्त ठरतो तो ट्रॅकच्या आत बसलेल्या मागच्या सस्पेन्शनमध्ये, ज्याला सगळे ‘स्किड’ म्हणतात.

स्किडला दोन आर्म असतात. पुढच्या आर्मवरचा शॉक म्हणजे मधला शॉक, आणि मागच्या आर्मवर मागचा शॉक व बहुतेक स्लेडवर दोन टॉर्शन (पिळाच्या) स्प्रिंगा. म्हणजे स्लेड तीन ठिकाणी टेकलेली असते: स्की, मधला शॉक आणि मागचा आर्म. मधला शॉक ही तराजूची दांडी समजा. ती वर उचलली की स्की हलक्या होतात, खाली बसली की जड होतात. या लेखात पुढे येणारे स्प्रिंगांचे फेरे आणि पट्ट्याची भोकं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

इथे दिलेली मापं ट्रेलवरच्या स्लेडसाठी आहेत: साधारण १२० ते १३७ इंचांचा ट्रॅक, पुढे दुहेरी ए-आर्म (स्कीला धरणारे ‘A’ आकाराचे दोन दांडे), कॉइल स्प्रिंगचे शॉक. डोंगरातल्या १५४ किंवा १६५ इंची स्लेडला हे जसंच्या तसं लावू नका. खोल भुसभुशीत बर्फात स्की हलकी असणंच हवं असतं. कंपनीगणिक नावंही बदलतात. पोलारिस, आर्क्टिक कॅट आणि स्की-डू ही त्यातली ओळखीची नावं. एकाच भागाला तिघांच्या मॅन्युअलमध्ये तीन नावं सापडतील. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल उघडं ठेवा. त्यातला आकडा आणि इथला आकडा जुळला नाही तर मॅन्युअलचा धरा.

आधी झीज, मग सेटिंग

ढिल्या सांध्यांच्या स्लेडवर सेटिंग करणं म्हणजे वाकडी खुर्ची पुसत बसणं. पुढचा बंपर उचलून स्लेड स्टँडवर घ्या. एका हाताने स्कीचं टोक, दुसऱ्याने शेपूट धरा आणि हलवा. खटखट जाणवली तर ती कुठून येते ते बोटाने शोधा: स्कीचा बोल्ट, स्पिंडलचं (स्की ज्यावर बसते त्या उभ्या दांड्याचं) बुश, टाय-रॉडचे (स्की वळवणाऱ्या दांड्याचे) टोकाचे सांधे, बॉल जॉइंट. खुळखुळणारं जे असेल ते बदला. स्किडच्या ग्रीस निपलमध्ये थंडीत न गोठणारं ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत.

मग कार्बाइड. स्कीखालच्या लोखंडी सळईत टंगस्टन कार्बाइडची धार बसवलेली असते, वळताना बर्फ धरते ती हीच. धारेवर आडवं नख ओढा. नखाचा पापुद्रा निघाला तर धार आहे. नख गुळगुळीत घसरलं तर सस्पेन्शनला दोष देऊ नका, कार्बाइड बदला. सळईच झिजून निम्मी झाली असेल तर धार तपासायचीही गरज नाही. वापरलेल्या स्लेडचं ‘वळत नाही’ हे दुखणं कितीदा तरी इथेच संपतं.

तिसरं काम स्कीची सरळ रेष. हे नीट करायला अर्धा तास द्या.

हँडल मधोमध आणून लवचीक दोरीने बांधा. दुसऱ्या लवचीक दोरीने दोन्ही स्कींची टोकं एकमेकांकडे ओढून ठेवा, म्हणजे सांध्यांतली ढिलाई मापात येणार नाही. अडीच मीटरची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ट्रॅकच्या कडेला अशी लावा की ती ट्रॅकला पुढे आणि मागे दोन्हीकडे टेकेल आणि स्कीच्या पुढेपर्यंत पोचेल. आता स्कीच्या बोल्टपासून २५० मिमी पुढे आणि २५० मिमी मागे, पट्टीपासून कार्बाइडच्या सळईपर्यंतचं अंतर मोजा. प्लास्टिकच्या स्कीच्या कडेपासून मोजू नका. प्लास्टिक वाकतं, सळई वाकत नाही. दुसऱ्या बाजूलाही हेच.

दोन्ही बाजू मिळून स्की पुढच्या टोकाला ३ ते ६ मिमी बाहेर उघडलेल्या हव्यात. आत झुकलेल्या असतील तर स्लेड सरळ रस्त्यावर भिरभिरते. जास्त उघडल्या असतील तर हँडल जड होतं आणि कार्बाइड एका बाजूने झिजतं. दुरुस्ती टाय-रॉडवर: चेक नट सोडायचा, रॉड फिरवायचा, पुन्हा मोजायचं. रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, नट सुटत नाही म्हणून पान्यावर उभे राहू नका.

शेवटी ट्रॅकचा ताण. मॅन्युअलमध्ये किती वजन कुठे टांगायचं आणि ट्रॅक स्किडच्या रेलपासून, म्हणजे लांब दांड्यांपासून, किती खाली यायला हवा ते दिलेलं असतं. ढिला ट्रॅक फिरवणाऱ्या चाकाचे दात सोडतो, घट्ट ट्रॅक वेग खातो आणि रेलखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या लवकर झिजवतो. ताण बघताना इंजिन चालू करून ट्रॅक हवेत फिरवणार असाल तर स्लेडच्या मागे कुणालाही उभं राहू देऊ नका. सुटलेला स्टड (पकडीसाठी ट्रॅकला लावलेला खिळा) किंवा खडा थेट मागेच उडतो.

सॅग: पाच मिनिटांचं, पण सगळ्यात मोलाचं माप

तुम्ही बसल्यावर मागची बाजू किती खाली जाते तो सॅग. यासाठी दोघं लागतात.

मागचा बंपर धरून स्लेड वर उचला. सस्पेन्शन पूर्ण मोकळं व्हायला हवं, पण ट्रॅक जमिनीवरून सुटता कामा नये. बंपरच्या एका ठरावीक बिंदूपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. समजा ६०० मिमी आलं. आता पूर्ण पोशाखात, म्हणजे हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी सगळ्यासह, नेहमीच्या जागी बसा. दोनदा दणकन दाबून स्थिर व्हा. जोडीदाराने तोच बिंदू पुन्हा मोजायचा. ५२५ आलं तर सॅग ७५ मिमी.

ट्रेलच्या बहुतेक स्लेडना ५० ते १०० मिमीच्या दरम्यान कुठेतरी सॅग सांगितलेला असतो. त्याहून जास्त आला तर शेपूट बसलेली आहे, नाक वर आहे, स्लेड उलाळ आहे. कमी आला तर शेपूट ताठ आहे आणि वजन स्कीवर ढकललं जातंय.

दुरुस्ती टॉर्शन स्प्रिंगच्या टोकाखालच्या कॅमने, म्हणजे कमी-जास्त उंचीच्या बाजू असलेल्या ठोकळ्याने. कॅमला तीन-चार किंवा पाच टप्पे असतात, हत्यारपेटीतल्या पान्याने तो फिरवायचा. एकेक टप्पाच, आणि दोन्ही बाजूंना सारखा. सर्वांत कडक टप्प्यावरून थेट सर्वांत मऊवर उडी मारायला गेलात तर स्प्रिंग पाना हिसकावून घेते आणि बोटं मध्ये सापडतात. सर्वांत कडक टप्प्यावरही सॅग जास्तच येत असेल तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग पुरत नाही. डीलरकडे वजनानुसार स्प्रिंगांचा तक्ता असतो. तो मागा, कॅमशी झटापट करू नका. ६० किलोच्या माणसाच्या स्लेडवर १०० किलोचा माणूस बसला तर बाकी कुठलंही सेटिंग जागेवर राहत नाही, म्हणूनच सॅग पहिला.

वळणाचे तीन तुकडे

आता ट्रेलवर. दोन-तीन किलोमीटरचा असा तुकडा निवडा ज्यात एक डावं आणि एक उजवं वळण आहे, आणि तोच पुन्हा पुन्हा चालवा. वेग कायद्यात बसणारा: मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर मर्यादा ताशी ५० मैल आहे, ओंटारिओच्या ट्रेलवर ताशी ५० किलोमीटर. आकडा तोच, एकक वेगळं. सीमा ओलांडणाऱ्यांची इथे गफलत होते. १९७६ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात स्नोमोबाइल सुरक्षिततेचं प्रमाणपत्रही लागतं, ते आधी काढा.

एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. सकाळी ट्रेल काँक्रीटसारखा कडक असतो, दुपारी त्याचा साखरेसारखा रवा होतो. सकाळी एक सेटिंग आणि दुपारी दुसरं तपासलंत तर तुम्ही बर्फ तपासला, स्लेड नाही.

‘वळत नाही’ एवढ्यावर थांबू नका. वळणाच्या कुठल्या तुकड्यात वळत नाही ते पकडा, कारण तिन्हींचं औषध वेगळं आहे.

वळणात शिरताना, थ्रॉटल सोडलेलं असताना नाक सरळ जातं. थ्रॉटल सोडलं की वजन आपोआप पुढे येतं, तरी स्की धरत नसेल तर दोष बहुधा धारेचा किंवा ब्रेकचा. ब्रेक फक्त ट्रॅकला लागतो. वळणात ब्रेक दाबून धरला आणि ट्रॅक अडकून घसरला, की मागची बाजू भलतीकडे निघते. ब्रेक वळणाआधी पूर्ण करा, मग बघा. तरीही तसंच असेल तर स्कीच्या स्प्रिंगा, शॉकवरचं कडं फिरवून, दोन्हीकडे दोन-दोन फेरे कसा. कसताना स्की जमिनीवरून सुटलेल्या हव्यात, आट्यांवरची माती ब्रशने काढलेली हवी, आणि दोन्ही स्प्रिंगांची लांबी पट्टीने मोजून सारखी हवी. फेरे मोजण्यावर विसंबू नका. मागच्या मालकाने एक बाजू तीन फेरे जास्त कसून ठेवलेली असू शकते, आणि मग स्लेड डावीकडे छान वळते, उजवीकडे नाही.

वळणाच्या मध्यावर, थ्रॉटल स्थिर असताना नाक बाहेर सरकतं. हे मधल्या शॉकचं काम. त्याची स्प्रिंग जास्त कसलेली असली की स्लेड पोटावर तोलली जाते आणि मधोमध गरगरल्यासारखी वाटते. मधल्या स्प्रिंगचा ताण दोन फेरे कमी करा. तेवढ्याने स्कीवर लगेच वजन येतं. पण शॉक पूर्ण लांबलेला असताना स्प्रिंग हाताने फिरेल इतकी ढिली कधीच होऊ देऊ नका. उडीनंतर ती जागेवरून सरकते. ताण कमी केल्यावर खड्ड्यांत पुढची बाजू ठोकर खाऊ लागली तर एक फेरा परत द्या.

वळणातून निघताना, थ्रॉटल उघडल्याबरोबर हँडल हलकं होतं आणि स्लेड बाहेर पळते. इथे येतो लिमिटर पट्टा.

लिमिटर पट्टा

स्किडच्या पुढच्या आर्मला एक किंवा दोन जाड पट्टे असतात, त्यांना भोकांची रांग असते. आर्मने किती खाली उतरायचं हे पट्टा ठरवतो. थ्रॉटल उघडलं की वजन मागे जातं, पुढचा आर्म खाली ढकलला जातो, नाक वर उठतं. पट्टा आखूड असेल तर आर्म अडतो आणि स्की बर्फावर राहते. स्लेड उभी असताना आणि स्थिर थ्रॉटलवर हा पट्टा बहुतेक वेळा ढिलाच लोंबत असतो. म्हणून वळणाच्या मध्यावरच्या दुखण्याला त्याचा उपयोग फारसा होत नाही आणि निघतानाच्या दुखण्याला पुष्कळ होतो. तीन तुकडे वेगळे पाडायचं कारण हेच.

स्लेड जमिनीवर ठेवा म्हणजे पट्ट्यावर ओढ राहणार नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात. बोल्ट काढा, पट्टा एक भोक आखूड करा. दोन पट्टे असतील तर दोन्ही सारखे. जुना लॉक नट दोनदा वापरून झाला असेल तर नवा लावा. आणि यानंतर ट्रॅकचा ताण पुन्हा तपासा, कारण आर्मची जागा बदलली की ताणही बदलतो. हे विसरणारे फार.

एक भोक म्हणजे मोठा बदल असतो. दोन भोकं एकदम आखूड केलीत तर स्लेड धुरजड होईल: हँडल जड, स्की चऱ्यांत पळणारी, सुरुवातीच्या थ्रॉटलला ट्रॅक जागीच फिरणारा. ताज्या खोल बर्फात जायचं असेल त्या दिवशी पट्टा पुन्हा लांब करावा लागतो.

पट्ट्याने भागलं नाही तर मागच्या आर्मजवळचे कपलिंगचे ठोकळे बघा. मागचा आर्म पुढच्याला कधी ओढून घेणार ते हे ठोकळे ठरवतात. लवकर ओढला की शेपूट कमी बसते आणि निघताना स्की जमिनीवर राहते. कुठली बाजू वर ठेवली की काय होतं हे मॉडेलगणिक वेगळं आहे. दोन्ही बाजूंचे ठोकळे मात्र सारखेच फिरवायचे.

आतली स्की उचलते तेव्हा

हे घाबरवणारं, आणि इथे सहज सुचणारा उपाय उलटा पडतो. स्की उचलते म्हणून माणूस पुढच्या स्प्रिंगा कसतो. कसल्याने नाक आणखी उंच होतं, स्लेडचं वजन जमिनीपासून आणखी वर जातं आणि स्की आणखी उचलते.

आधी स्वतःकडे बघा. खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसला असाल तर आतल्या बाजूला सरका, बाहेरच्या पायाने पायपट्टी दाबा, छाती आतल्या स्कीच्या दिशेने झुकवा. गुलमर्गला भाड्याच्या स्लेडवर मागे बसून फेरी मारली असेल तर तिथे हे कुणी शिकवलेलं नसतं. तरीही उचलत असेल तर पुढच्या स्प्रिंगा दोन फेरे ढिल्या करा, मग मधल्या शॉकची स्प्रिंग दोन फेरे ढिली, मग पट्टा एक भोक आखूड. त्याच क्रमाने.

अँटी-रोल बारही तपासा, म्हणजे डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारा आडवा दांडा. खोल बर्फासाठी मागच्या मालकाने त्याचा दुवा सोडून ठेवलेला असू शकतो. बारच्या हाताला दोन भोकं असतील तर बारच्या अक्षाजवळचं भोक कडक, टोकाचं मऊ.

सरळ रस्त्यावर स्की पळते

याला ट्रेलवर ‘डार्टिंग’ म्हणतात. आधी गेलेल्या स्लेडच्या कार्बाइडने बर्फात चरे पाडलेले असतात, तुमचं कार्बाइड त्यांत उतरतं आणि रुळांतल्या चाकासारखं चऱ्याच्या मागे जातं. एका चऱ्यातून दुसऱ्यात गेलं की हँडल झटका देतं. धुरजड स्लेडला हे जास्त होतं, म्हणून पहिल्यांदा नुकताच वाढवलेला स्कीचा दाब कमी करा: पुढच्या स्प्रिंगा दोन फेरे ढिल्या, किंवा मधली दोन फेरे कसलेली. सॅग खूप कमी असेल तर मागचा कॅमही एक टप्पा मऊ.

मग एक छोटी युक्ती. स्की आणि स्पिंडल यांच्यामध्ये एक रबरी ठोकळा असतो. त्याच्या मागच्या टोकाखाली पातळ शिम (पाचरीसारखी पट्टी) सरकवली की स्कीची शेपूट दाबली जाते आणि टोक किंचित उठतं. दाब कार्बाइडच्या मागच्या भागावर आल्याने स्की चऱ्याच्या पुढे पुढे धावत नाही. पट्टीचा वाकलेला तुकडा किंवा वॉशर कोंबू नका, तो निसटतो. त्या स्कीसाठी मिळणारी शिमच वापरा. याउपर दोन समांतर धारांची सळई मिळते. ती एका चऱ्यात मावत नाही, म्हणून चरा सोडून जाते. लांब कार्बाइडपेक्षा नवशिक्याने पैसे इथे घालवावेत.

ट्रॅकला स्टड लावले असतील तर हिशेब बदलतो. मागे पकड वाढली आणि पुढे कार्बाइड पूर्वीचंच राहिलं, तर स्लेड पुन्हा सरळ पळू लागते. उलट, लांब कार्बाइड लावलं आणि ट्रॅक गुळगुळीत राहिला, तर गोठलेल्या वळणावर शेपूट बाहेर फेकली जाते. दोन्ही बाजू एकमेकींच्या जोडीने वाढवायच्या.

हवेचे शॉक असतील तर

पुढे कॉइलऐवजी हवेचे शॉक असतील तर फेऱ्यांच्या जागी दाब. खास शॉकचा पंप लागतो, सायकलचा किंवा पेट्रोल पंपावरचा नाही, कारण आत हवा थोडीच असते आणि एका झटक्यात आकडा कुठेही जातो. स्की जमिनीवरून सुटलेल्या असताना भरा, आणि थंडीतच भरा. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला शॉक बाहेर उणे २० अंशांत सुमारे ५४ वर येतो. गळती शोधत बसणारे पुष्कळ आहेत, गळती नसतेच. स्लेड तासभर बाहेर ठेवून मग मोजा, दोन-दोन पीएसआयने बदला. पंप काढताना होणारा फुस्स आवाज बहुतेक पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो.

शॉकवर क्लिकर, म्हणजे शॉक मऊ-कडक करणारी टकटकणारी कळ, असेल तर सगळ्यात शेवटी त्याला हात लावा. आधी घड्याळाच्या दिशेने पूर्ण बंद करत टकटक मोजा आणि तो आकडा वहीत लिहा, तोच तुमचा परतीचा पत्ता. वेग वाढल्यावर वळणातले खड्डे स्कीला उडवत असतील तर दोन टक मऊ, नाक ब्रेकला खोल बुडत असेल तर दोन टक कडक.

हे सगळं करूनही फरक कळत नसेल तर पुढचा बंपर दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. नाक वर येऊन थांबायला हवं. ते तीन वेळा डोलत राहिलं, किंवा शॉकच्या दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर आतलं तेल आणि गॅस संपलेत. शॉक काढून सर्व्हिसला द्या. तोपर्यंत स्प्रिंगांचे फेरे मोजू नका.